दरीकडची भिंत

जवळ सरा, गुडघ्याला गुडघा लागू द्या. अल्लाहचं नाव घेऊन एका घराची गोष्ट सांगतो. घर मीच बांधलं, चूकही माझीच.

आमच्या हराझच्या डोंगरात उतार इतका उभा की एकाची गच्ची संपते तिथे दुसऱ्याचा पाया सुरू होतो. गालिया खालाच्या घरामागचा कातळ मात्र रिकामा होता. नवरा वारलेला, दोन्ही मुली दूर, समुद्रकाठच्या तिहामात दिलेल्या, बाकीचं गाव कड्यापलीकडे. सात वर्षं बाई एकटी. शाळामास्तर सिनान जागा शोधत होता, तर तिने तो कातळ तसाच देऊन टाकला. वर माणसं राहायला यावीत, एवढंच तिला हवं होतं. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, मलाही.

पाया दोन टप्प्यांत घेतला, कातळ फोडून त्यातच दगड बसवला. मी दरूदची, पैगंबरांवरच्या सलामाची, एक ओळ गायची, दगड वर देणाऱ्यांनी ती उचलायची. त्या सुरात ओझं ओझं वाटत नाही. खाला कॉफीच्या सालींचा काढा घेऊन यायची आणि आमच्याबरोबर ती ओळ गुणगुणत उभी राहायची.

सिनानला दरीकडे मोठी खिडकी हवी होती. मी साफ नाही म्हटलं. तिकडे विधवेची गच्ची. ती तिथे केस वाळवते, उघड्या डोक्याने धान्य निवडते. शेजारणीच्या गच्चीवर नजर पडेल अशी खिडकी आमच्यात कुणी गवंडी ठेवत नाही. भिंत बंद घेतली, छताजवळ नुसते झरोके ठेवले.

एकदा खालाने विचारलं, खिडकी कुठवर येणार. मला वाटलं, बाईला घोर लागलाय. म्हटलं, निश्चिंत राहा, एकही येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून काढा बंद. मी मात्र सांगत फिरलो, बाई किती मर्यादेची.

घर पुरं झालं, उंबऱ्यावर बकरा कापला. तिचा वाटा घेऊन मीच वळसा घालून खाली उतरलो. तिने ताटाला हात लावला नाही.

"उस्ता, माझी अब्रू राखायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"खाला, रिवाजच आहे तसा."

"साठी उलटली माझी. माझ्या केसांवर कोण भुलणार, तुझं गाढव? खिडकीतून कुणी विचारलं असतं, आज चूल का नाही पेटली. तू तिथे दगड लावलेस. मला विचारायला तुझी जीभ झिजली असती?"

आता वरच्या दोन मजल्यांचा भार त्याच भिंतीवर होता. खिडकीसाठी भिंत फोडली असती तर घर तिच्याच अंगावर आलं असतं. सिनानला विचारून एकच दगड काढला. हात जाईल एवढी फट. चेहरा दिसत नाही, आवाज जातो. मग रोज सकाळी खालून तिची हाक, वरून सिनानच्या बायकोची ओ.

दीड वर्षाने सिनानची बदली झाली. घराला कुलूप. गेल्या थंडीत गच्चीचा गिलावा बघायला मी किल्ली घेऊन गेलो, तर त्या फटीतून हाक आली, "उठलीस का गं पोरी?"

मी कशीबशी ओ दिली.

"उस्ता होय," ती म्हणाली. "घाबरू नकोस, वेडी नाही झाले. कुणी नाही हे कळतं मला. सवय मोडू नये म्हणून हाक मारते."

त्या कड्याकडे रोज जाणं मलाही होत नाही. नमाजानंतर हात उचलाल, तेव्हा तेवढं एक नाव जास्त घ्या. गालिया.