आतली कडी

"काका, तुम्ही गाडी तेवढी चालवा. राहायचं आमचं आम्ही बघतो," प्रणय म्हणाला आणि त्यानं मोटारसायकलवाल्याला हात केला. "चला पुढं, आलोच आम्ही मागं."

साहेबरावांचे हात स्टिअरिंगवर होते. गाडी मात्र त्यांनी लगेच हलवली नाही.

पहाटे चारला करमाडहून निघालेली सात सीटची गाडी ताम्हिणीचा घाट उतरून दुपारी तीनच्या सुमारास या किनाऱ्यावरच्या गावात पोचली होती. गाडीत आवडाबाई, त्यांचा मुलगा प्रणय, सून अमृता आणि मुलगी सायली अशी चार माणसं होती. सायलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. ती सासरी जायच्या आधी सगळ्यांनी मिळून एकदा कुठंतरी जाऊन यावं, असं आवडाबाईंच्या मनात होतं. नवरा गेल्यापासून दोन वर्षं त्या शेत आणि घर सोडून कुठं हलल्या नव्हत्या. शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला असलेल्या प्रणयनं मोबाइलवर शोधून एक बंगला ठरवला. अंगणात झोपाळा, खिडकीतून समुद्र. निम्मे पैसे भरूनही टाकले.

आणि आता गावाच्या नाक्यावर हा मोटारसायकलवाला उभा होता. त्या बंगल्याची पाण्याची मोटार जळलीय, मालकांनी तुमची सोय दुसरीकडं केलीय, त्याच्यापेक्षा भारी जागा आहे, असं तो सांगत होता.

"आदी ठरलेला बंगला बगून घेऊ," साहेबराव म्हणाले होते. "मोटार जळली तर जळली. भिंती तर असतीलच की जागेवर."

त्यावरच प्रणय उखडला होता. आता गाडी हलेना तसा काच वर करून तो अमृताच्या कानाशी वाकला. "ड्रायव्हर लोकांचं लॉजवाल्याशी साटंलोटं असतंय. कंपनीतली पोरं म्हणलीच व्हती मला." आवाज हळू होता, पण गाडीच्या काचा बंद होत्या.

साहेबरावांनी गिअर टाकला.

साहेबराव बजाजनगरात राहत. वाळूजच्या एका कंपनीत सोळा वर्षं मशिनवर काढली, ती कंपनी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशातून गाडी घेतली, आणि तेव्हापासून भाडं मारत होते. वय सत्तावन्न. समोर बाबासाहेबांचा छोटा फोटो, सीटवर धुतलेली कव्हरं, तोंडात ना तंबाखू ना जादा शब्द. सवय म्हणाल तर एकच होती. प्रवाशांनी खोलीत बॅगा टाकायच्या आधी ते स्वतः खोली बघून येत. दार लावून बघत, न्हाणीची खिडकी बघत, मागं कुठं दुसरं दार आहे का ते बघत. काही लोकांना त्याचं बरं वाटे, बरेचजण वैतागत. खोलीचे पैसे आम्ही द्यायचे आणि नखरे ड्रायव्हरचे, असं एका वकिलानं तोंडावर ऐकवलं होतं.

मोटारसायकल गाव मागं टाकून सुरूच्या बनात शिरली. शेवटचं घर गेलं, पाण्याची टाकी गेली, तरी रस्ता चाललाच होता. शेवटी एक दुमजली इमारत आली. रंग ताजा होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

काउंटरवरच्या माणसानं हसून स्वागत केलं आणि चौघांची आधार कार्डं मागितली.

"झेरॉक्स द्या," साहेबराव मागून म्हणाले. "ओरिजनल कार्डं ठिवायची नसतात."

"जाताना परत मिळतील की," तो माणूस म्हणाला. तोवर प्रणयनं कार्डं दिलीही होती. ती ड्रॉवरमध्ये गेली.

प्रणय आणि अमृताला पुढची खोली मिळाली, आवडाबाई आणि सायलीला वरच्या मजल्यावर मागच्या बाजूची. साहेबराव बॅगा घेऊन वर गेले. दार जुनं होतं. आत उचलून अडकवायची लोखंडी कडी होती आणि दार आणि चौकटीत बोटभर फट. ते बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिले. मग खाली गाडीपाशी गेले आणि हत्यारांच्या पिशवीतली पत्र्याची पट्टी घेऊन आले.

"सायलीताई, आत जा आन् कडी लावून घ्या. नीट लावा."

सायली आत गेली. कडी पडल्याचा आवाज आला. साहेबरावांनी पट्टी फटीत सारली, अंदाजानं वर ढकलली. खट्‌ झालं आणि दार उघडलं. आत सायली दोन्ही हात छातीशी धरून उभी होती.

जिन्यावरून प्रणय वर आला होता. त्यानं सगळं बघितलं. "वा! म्हणजे तुम्हालाच येतं की हे," तो म्हणाला. "आई, बघ, कुणाच्या भरवशावर आलोय आपण."

आवडाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी लेकाला हातानं गप्प केलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "कुठं शिकलात हे?"

पट्टी हातात तशीच धरून साहेबराव दारात उभे राहिले. अकरा वर्षांत त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. घरी बायकोला, पारूबाईलासुद्धा नाही. नाही सांगितली तरी चाललं असतं. चार माणसं इथं राहिली असती, कदाचित काही झालंही नसतं. पण त्यांची नजर पुन्हा सायलीकडं गेली.

"आक्का, शेंद्र्याचं एक नवं जोडपं व्हतं," त्यांनी सुरुवात केली. "लगीन होऊन महिनाबी झाला नव्हता. मी त्यांला अशाच एका लॉजवर उतरिवलं. तिथला मॅनेजर दर गिऱ्हाइकामागं मला पैसे द्यायचा. घ्यायचो मी. समदेच घ्यायचे. तिथल्या कड्या अशाच व्हत्या. त्या मॅनेजरनं एकदा माझ्यासमोर पट्टी घालून दार उघडून दावलं व्हतं. मी हासलो व्हतो त्येला."

सायली आईजवळ जाऊन बसली.

"त्या रात्री त्यांच्या खोलीत कुनीतरी शिरलं. पोरगी जागी झाली, वरडली, तसं पळालं. गळ्यातलं तेवढं गेलं. पर सकाळी नवरा तिच्यावरच धावला. कडी तू लावली नाय म्हणून. ती देवाच्या शपथा घ्यायली, मी लावली व्हती, मी लावली व्हती. मॅनेजरबी म्हणला, बाईमाणूस विसरलं असंल. मी तिथंच व्हतो, आक्का. गाडीची काच पुसत व्हतो." ते थांबले. "पुसतच राह्यलो."

"मग?"

"मग काय. आठ-नऊ घंटे गाडीत कुनी शब्द बोललं नाय. ती खिडकीला डोकं लावून बसली व्हती. त्यांला शेंद्र्यात सोडलं. तवापासून कुठल्या लॉजवाल्याचा चहाबी घेतला नाय मी. पर त्याचा काय उपेग."

आवडाबाईंनी विचारलं, "तिला सांगितलंत का कधी?"

"नाय."

आवडाबाई उठल्या. पदर खोचला. "प्रणय, सामान गाडीत टाक."

"अगं आई, पैसे भरलेत आपण. आन् ह्यांच्यावर काय म्हणून इस्वास..."

"पैसे खायला आलेला मानूस खाल्ल्याचं सांगंल व्हय रे? उचल ती बॅग."

खाली काउंटरवरच्या माणसाचं हसू गेलं होतं. बुकिंग रद्द होत नाही, उरलेले पैसे भरा आणि कार्डं घेऊन जा, म्हणाला. मोटारसायकलवालाही दारात येऊन उभा राहिला. प्रणयचा चेहरा उतरला. साहेबरावांनी गाडी दारासमोर आडवी आणून लावली, इंजिन चालू ठेवलं आणि ते आवडाबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. आवडाबाईंनी समोरची खुर्ची ओढली आणि त्या ऐसपैस बसल्या.

"सायली, पोलिसांचा एकशे बारा लाव. म्हणावं, चार माणसांची कार्डं दाबून ठिवलीत. पत्ता ह्यांलाच इचार."

सायलीनं नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज यायच्या आत ड्रॉवर उघडला. कार्डं काउंटरवर पडली. साहेबरावांनी ती एक एक करून मोजली, नावं वाचली आणि आवडाबाईंच्या हातात दिली.

परत गावात आल्यावर त्यांनी फोटोतला बंगला शोधला. तो होता. झोपाळाही होता. राखणदार म्हणाला, मालक पुण्याला असतात, हा बंगला आजवर कधी भाड्यानं दिला नाही. "फोटो कुणी उचलले देवाला ठाऊक. या महिन्यात येणारे तुम्ही तिसरे." प्रणय झोपाळ्याकडं बघत फाटकाशी उभा राहिला. पैसे गेले होते.

"काका," शेवटी तो म्हणाला, "आता कुठं जायचं?"

"मी नाव सांगनार नाय," साहेबराव म्हणाले. त्यात राग नव्हता. "दवाखान्यातल्या नर्सबाईला इचारा. बायांनी जाऊन इचारा. जी जागा सांगतील ती दिवस हाय तवर बगा. शेजारी वस्ती पायजे, घरात बाईमाणूस पायजे. पैसे पोचल्यावरच द्यायचे."

आवडाबाई आणि अमृता गावातल्या आरोग्य उपकेंद्रात गेल्या. नर्सनं एका निवृत्त शाळामास्तरणीचं घर सांगितलं. नारळाच्या वाडीत दोन खोल्या होत्या, शेजारी घरं होती, समुद्र मात्र खिडकीतून दिसत नव्हता. तिथं प्रणयनं कुणी न सांगता आधी दार लावून बघितलं. मग न्हाणीत गेला. बाहेर आला तेव्हा साहेबराव अंगणात उभे होते. दोघांची नजरानजर झाली. प्रणयनं मान हलवली आणि बॅगा आत नेल्या.

दुसरा दिवस पाण्यात गेला. आवडाबाईंनी लुगडं घोट्यापर्यंत उचलून लाटेत पाय ठेवला, वाळू पायाखालून सरकली तशा ओरडल्या आणि लेकीला बिलगून हसायला लागल्या. सायलीनं आईचा इतका हसरा आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. बोटीत बसायचं ठरलं तेव्हा प्रणय वाळू तुडवत साहेबरावांकडं आला.

"काका, या बोटीत बसू का?"

"जाकीट देतो का इचारा. फाटकं नको, पट्टा लागनारं. समद्यांला देत असंल तर बसा."

तिसऱ्या दिवशी पहाटेच निघाले. गाडीत सगळे झोपले. आवडाबाई तेवढ्या पुढच्या सीटवर जाग्या होत्या. दुपारी चारला गाडी करमाडला पोचली. प्रणयनं बॅगा उतरवल्या, ठरलेलं भाडं दिलं, आणि जाता जाता म्हणाला, "काका, वैशाखात मोकळे राहा. सायलीला न्यायला-आणायला तुमचीच गाडी." सायली लाजून आत पळाली.

आवडाबाई गाडीच्या खिडकीपाशी आल्या. "भाऊ, परत जाताना शेंद्रा लागतंच की वाटंत," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या.

जालना रोडवर गाड्यांची रीघ होती. गेली अकरा वर्षं साहेबराव या रस्त्यानं जाताना शेंद्र्याच्या फाट्याशी समोर बघत. आज त्यांनी गाडी वळवली.

घर आता ओळखीचं राहिलं नव्हतं. त्याच्यावर मजला चढला होता, वरच्या खोल्यांत कंपनीतले भाडेकरू असावेत, कारण गॅलरीत एकसारखे निळे शर्ट वाळत होते. अंगणात एक बाई मेथी निवडत बसली होती. अंगानं भरली होती, कपाळाशी केस पांढरे झाले होते. साहेबरावांनी तिला ओळखलं. फाटकाबाहेर चपला काढून ते तिथंच उभे राहिले.

"कोण पायजे?"

"मोनालीताई ना? मी साहेबराव. गाडीवाला. तुमाला कोकणात नेलं व्हतं मी."

तिचे हात थांबले. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"ताई," साहेबराव म्हणाले. वाटेत त्यांनी पुष्कळ जुळवाजुळव केली होती, त्यातलं काही जिभेवर येईना. "त्या रात्री कडी तुमी लावली व्हती. ती कडी बाहेरून पट्टी घालून निघायची. मला आदीपासून ठाव व्हतं. मी त्या लॉजवाल्याचे पैसे घेत व्हतो म्हणून सकाळी गप बसलो."

मोनाली हातातल्या जुडीकडं बघत राहिली. रस्त्यावरून कंपनीची एक बस गेली, तिची धूळ अंगणापर्यंत आली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "मीच लावली व्हती. अकरा वर्सं झाली, मला एकटीलाच ठाव हाय ते."

साहेबरावांनी हात जोडले. तिनं त्या हातांकडं बघितलं नाही.

"हे अजून म्हणत्यात," ती म्हणाली. "गॅस बंद केला का, कुलूप लावलं का. दरवेळी दोनदोनदा बगून येत्यात. वर सासूबाई म्हणत्यात, हिच्या भरवशावर घर टाकू नको." तिनं नाक पदरानं पुसलं. आवाज चढला नव्हता. "भाऊ, तुमाला घाई हाय का?"

"नाय."

"मग बसा. पाच वाजता हे शिफ्टवरून येतील. सासूबाई शेजारीच गेल्यात, त्याबी येतील. आता मला जसं सांगितलं तसं त्यांच्यासमोर सांगा."

तिनं एक खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवली. साहेबराव बसले, पाठ सरळ करून, गुडघ्यांवर हात ठेवून. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. ते प्यायले.

मग मोनालीनं आतून आणखी दोन खुर्च्या आणल्या, त्यांच्या समोर मांडल्या, आणि ती पुन्हा मेथी निवडायला बसली.