माळावरचा लोकसहभाग

आमचं ऑफिस शहरात, सात रस्ता चौकात, दुसऱ्या मजल्यावर. एसी गार, चहा गोड. तिथं बसून आम्ही खेड्यांचं भलं करतो.

शाश्वत पर्यटनाचा अहवाल करायचा होता. काळवीट दाखवायला शहराबाहेरचा एक माळ निवडला, त्याला तारेचं कुंपण घालायचं ठरवलं आणि लोकसहभाग गोळा करायला आमच्या प्रमुख चेतना मॅडम मला घेऊन गावात गेल्या. लोकसहभाग म्हणजे मंडप, पन्नास खुर्च्या, माणशी एक समोसा आणि छापील फॉर्म. फॉर्मात प्रश्न अकरा, उत्तरं दोनच : समाधानी आणि अतिशय समाधानी.

बिरुदेव मेंढपाळानं समोसा बाजूला ठेवला. त्याची साठ मेंढरं त्याच माळावर जगत होती.

"म्याडम, तारंचं कुंपन घालू नगा. मेंढरं चरत्यात म्हनून गवत बुटकं ऱ्हातंय. बुटक्या गवतात काळवीट येतंय, त्येला लांबचं दिसतंय की. गवत वाढलं तर ते हितं थांबनार न्हाय. अन् माजी मेंढरं कुटं जातील?"

"किती छान बोललात, मामा!" म्हणत मॅडमनी त्याला फेटा बांधवला आणि मेंढरांमध्ये उभं करून फोटो काढला. त्याच्या फॉर्मवर 'अतिशय समाधानी'पुढं खूण मी केली. तिसरा रकाना नव्हता, आणि तो आखायची माझ्यात धमक नव्हती. लाज वाटली, पण समोसा संपवला.

कुंपण झालं. मेंढरांना आत बंदी. फाटकावर मात्र दहा फुटी फलकात बिरुदेव मेंढरांसकट हसत होता. खाली लिहिलेलं : 'स्थानिकांचा माळ, स्थानिकांचा सहभाग'.

दिवाळीनंतर पाहुणे आले. दुर्बिणी, टोप्या, सगळा थाट. गवत कमरेएवढं, काळविटाचा कानसुद्धा दिसेना. त्यांच्यातले दिल्लीचे तज्ज्ञ गंभीरपणे म्हणाले, "इथं चराई हवी." बिरुदेवानं हे समोसाही न खाता सांगितलं होतं. यांना त्यासाठी विमानानं आणावं लागलं.

मॅडमनी बिरुदेवाला फाटकावर बोलावून घेतलं. तो एकटाच आला, मोकळ्या हातांनी.

"मामा, दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात मेंढरं आत घेऊन या. आणि फेटा विसरू नका हं!"

बिरुदेवानं फलकाकडं बोट केलं.

"ती घ्या की, म्याडम. बाकीची चाऱ्याबिगर बाजारात इकली. तेवढीच उरल्यात."