मैदानातला रूळ बांधात गेला

मी बांधाच्या पोटातून बोलतोय. आवाज घोगरा आला तर समजून घ्या, तोंडावर हातभर चिखल आहे. दिवसातून दोनदा खाडी माझ्या डोक्यापर्यंत चढते आणि दोनदा उतरते.

मी दगडी रूळ. एके काळी आमच्या गावच्या कबड्डीच्या मैदानात होतो. पण मला रूळ कुणी म्हणायचं नाही. "धोंड्यावर बस." "सायकल धोंड्याला टेकव." धोंड्याला कान नसतात अशी त्यांची खात्री होती, म्हणून माझ्यावर बसून ते वाटेल ते बोलले. मी ऐकत होतो. ते सगळं माझ्या पोटात साठलंय. जमीन दाबण्यात माझा जन्म गेला, पण हा राग काही मला दाबता आला नाही.

माझा जन्म पनवेलमागच्या डोंगरातला, काळ्या पाषाणाचा. काशीराम नावाच्या पाथरवटानं मला घडवलं. छिन्नीचा घाव घालण्याआधी तो माझ्यावर तळहात ठेवायचा. पुढे इतक्या माणसांचे हात लागले, पण तसा हात एकाच माणसाचा लागला. त्याच्याबद्दलच सांगायचंय.

आधी मी पनवेलहून आपट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राबलो. पुढे बैल, मागे मी, खाली खडी. मग वाफेवर चालणारं इंजिन आलं आणि ठेकेदारानं मला नाल्यात ढकलून दिलं. तिथं मी शेवाळ धरून पडलो होतो. आमच्या गावच्या गड्यांनी मला बघितलं, दोर लावून बाहेर काढलं आणि वाजतगाजत मैदानात आणलं. सुतारानं लाकडी चौकट बसवली. माझ्यावर नारळ फुटला. त्या दिवसापुरता मी देव होतो. दुसऱ्या दिवसापासून बाकडं झालो.

गाव खाडीकाठचं, आगऱ्यांचं. खाडी आणि भातशेती यांच्या मध्ये मातीचा लांब बांध, आणि बांधात एक उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची आणि शेतातलं सोडायची लाकडी फळ्यांची दारं. अष्टमीला खाडी नरम असते, अमावास्या-पुनवेला तिला उधाण येतं, तेव्हा पाणी बांधाच्या काठाला लागतं. त्या वेळी बांधावर माणूस हवाच. कुठं झिरपलं की लगेच चिखल-पेंढा ठोकायचा, उघाडीच्या फळ्या अंगानं दाबून धरायच्या. नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं तिथं गवतसुद्धा नीट उगवत नाही.

म्हणून गावकीत जुना ठराव होता. अमावास्येला कामावर जायचं नाही, घरटी एक माणूस बांधावर. अमावास्येची सुट्टी ही अशी, बांधासाठी होती.

मग कोणी पनवेलच्या भातगिरणीत लागलं, कोणी मुंबईला गोदीत. अमावास्येची सुट्टी सगळ्यांनी ठेवली, बांध तेवढा सोडला. आणि सगळे मोकळे असतात म्हणून गावातले कबड्डीचे सामने त्याच दिवशी ठेवायला लागले.

बांधावर एकच घर उरलं. ते काळूरामचं. बाप गेल्यावर पाळी त्याच्यावर आली, आणि दुसऱ्यांच्या पाळ्याही.

काळूराम विशीतला, अंगानं सडपातळ, बोलायला लाजरा. मिठागरावर कामाला. खेळायचा कोपऱ्यात. कबड्डीत दोन्ही टोकांना जे उभे राहतात ते कोपरे. चढाईला आलेला गडी परत फिरला की कोपऱ्यानं झेपावून त्याचा घोटा धरायचा. काळूनं घोटा धरला की तो सुटायचा नाही. तळोज्याला अष्टमीच्या दिवशी झालेल्या सामन्यात त्यानं त्यांचे सगळे चांगले गडी एकट्यानं बसवले. परत येताना पोरांनी त्याला खांद्यावरून आणलं आणि माझ्यावर उभं केलं.

आणि तोच काळू गावात अमावास्येला खेळला की हातातले घोटे सुटायचे.

सामन्याआधी मला तोच ओढायचा, म्हणून मला कारण माहीत होतं. रात्रीची भरती आणि दुपारची भरती, दोन्ही वेळा तो उघाडीत छातीभर पाण्यात उभा असायचा. फळ्यांवर कालवांचे शिंपले चिकटलेले असतात, त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या. हाताची बोटं पाण्यानं पांढरी, सुजलेली, तळवे चिरलेले. माझ्या चौकटीला त्याचं रक्त लागायचं. अशा बोटांनी घोटा कसा धरायचा?

पण माझ्यावर बसणाऱ्या तिघांना हे सांगणार कोण?

तुळशीराम हा जुना कोपरा. गुडघा मोडल्यावर खेळ सुटला होता, आता फक्त तोंड खेळायचं. भगवान भातगिरणीत हमाल. आणि कमळाकर मुंबईच्या गोदीत, सणावाराला येऊन शहाणपण वाटणारा. सामना संपला की तिघं माझ्यावर बसायचे आणि काळूची साल काढायचे.

"गिरणीत मी छाती फुगवून सांगतो, आमचा काळू बघायला या," भगवान म्हणायचा. "आनि हा माज्या नाकावर सुरी चालवतो. तळोज्याला वाघ, घरी मांजर!"

"मांजर तरी उंदीर धरतं," तुळशीराम म्हणायचा. "मी कोपऱ्यात व्हतो तवा गडी माज्या बाजूला यायला घाबरायचा."

"तुज्या तोंडाच्या वासानं घाबरत असंल," कमळाकर. मग हसणं. मग पुन्हा काळू. "मी सांगतो, पनवेलवाल्यांनी फोडलाय त्याला. मुंबईत असं लय बघितलंय."

"फोडला बिडला काय नाय. आवसंला त्याला काहीतरी लागतं. भगताकडं न्या," भगवान.

"लागत नाय, घाबरतो. चार मानसं बगायला आली का हातपाय गळतात. काळीज नाय त्याच्यात," तुळशीराम.

काळीज! बांध फुटू नये म्हणून काळोखात छातीभर पाण्यात उभा राहणाऱ्याचं काळीज हे मोजणार, आणि कुठं बसून, तर माझ्या पाठीवर! मला पाय असते तर त्याच क्षणी तिघांना घेऊन उतारावरून सुटलो असतो.

मग ते वर्ष आलं, ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय. जिल्ह्याच्या संघासाठी गडी निवडणारे एक पाहुणे दिवाळीत आमच्या गावचा सामना बघायला येणार होते. काळूला नाव काढायची हीच एक वाट होती. जिल्ह्याच्या संघात गेलेल्या दोघांना मुंबईत कापडगिरणीच्या संघात घेऊन नोकरी लागली होती. त्याची आई सोनाबाई ज्याला त्याला सांगत होती, "माझा काळू मिठातून सुटंल रं बाबा." मिठागरावर राबलेल्या माणसाचे पाय चितेतसुद्धा लवकर जळत नाहीत म्हणतात. तिनं नवऱ्याचे पाहिले होते.

सामना ठरला लक्ष्मीपूजनाला. म्हणजे अमावास्येलाच.

काळू माझ्याजवळ आला. तिघं बसलेच होते. तो उभ्या जन्मात पहिल्यांदा काही मागत होता.

"दादा, सामना पाडव्यानंतर ठेवता येल का? अष्टमीच्या सुमाराला? आवसंला उधान हाय."

"उधान काय तुज्यासाठी नवीन आलंय?" भगवान म्हणाला. "आमच्या आज्यापासून येतंय."

"बांधावर कोन नसतं, दादा. मी एकटाच…"

"खेळायच्या आधीच कारणं सांगायला लागला," कमळाकर हसला. "बगितलंस तुळशीराम? असं असतं ह्याचं."

 काळूनं माझी चौकट धरली आणि म्हणाला, "उठा जरा. मैदान दाबायचंय." आणि मला ओढायला लागला. त्या दिवशी तो मला जरुरीपेक्षा जास्त वेळ फिरवत राहिला.

लक्ष्मीपूजनाचा दिवस. पाहुण्यांना दुपारच्या गाडीनं परत जायचं होतं, म्हणून सामना सकाळीच. भरती भर दुपारची. काळूनं रात्र बांधावर काढली आणि सकाळी उघाडीवर आईला उभं करून तो मैदानात आला. बोटं मी बघितली. बघवत नव्हती.

पहिल्या डावात दोन घोटे सुटले. माझ्या पाठीवरून भगवान ओरडला, "हाताला तूप लावून आलास का रं? दिवाळी हाय म्हनून?" सगळं मैदान हसलं. पाहुणेही हसले.

दुसरा डाव संपत आला तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. पनवेलच्या संघाचा सगळ्यात दांडगा गडी चढाईला आला. त्यानं एकाला शिवलं आणि मधल्या रेषेकडे उडी घेतली. काळूनं आडवं पडून त्याचा घोटा धरला. बोटांनी धरता येईना, तेव्हा त्यानं कोपराची घडी घातली आणि घोटा छातीशी आवळला. गडी त्याला फरफटवत रेषेपर्यंत घेऊन गेला. रेष वीतभर राहिली आणि दम तुटला. गडी बाद! गुण सारखे झाले.

मैदान उसळलं. तिघं माझ्यावर उभे राहून नाचायला लागले. "माझा काळू! माझा काळू!" हा भगवानच.

तेवढ्यात सोनाबाई धावत आली. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. "काळू, खांड परली रं! उघाडीच्या बाजूनं बांध फुटला!"

काळू उठला. एकदा पाहुण्यांकडे बघितलं. आणि रेष ओलांडून मैदानाबाहेर आला.

खेळ चालू असताना मैदान सोडलं की गडी बाद. एक गुण गेला. सामनाही त्याच गुणानं गेला.

"पळाला!" तुळशीराम किंचाळला. "जिंकत आलेला सामना टाकून पळाला!" तिघं पुन्हा माझ्यावर बसले.

काळू सरळ माझ्याकडे आला. "उठा, दादा. धोंडा पायजे. चिखलानं खांड बुजायची नाय."

तिघं उठेनात. "मैदानाचा धोंडा हाय," तुळशीराम म्हणाला. "तुज्या बापाचा नाय."

मग सोनाबाई पुढे झाली. पाच फुटाची बाई, पण आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला.

"बापाचं नाव काढतोस? त्याचा बाप त्या बांधावर मेला. आज पाळी कोनाची व्हती? तुजी, तुळशीराम. तुजी रं, भगवान. कमळाकर, तुजी आजी वारली तवापासून तुज्या घरातनं एक मानूस आलेला नाय. तुमी येत नाय म्हनून माजा पोर रातभर पान्यात, आनि तुमी ह्या धोंड्यावर बसून त्याला काळीज नाय म्हनता? बसा. बसून रावा. भगवान, पानी तुज्याच शेतात शिरलंय."

स्वतःच्या शेताचं नाव निघालं तसा भगवान उडी मारून उठला. मग बाकीचे उठले. भात कापणीला आलेलं होतं, पिवळंधमक. मग सगळ्या गावालाच पाय फुटले.

मला दोर लागले, उतारावरून ढकललं. इतक्या वेगानं मी कधी फिरलो नव्हतो. खांडीत काळू उभा होता, पाणी गळ्याशी. त्यानं माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "हळू. आता सोडा." मी खाली बसलो. वर पेंढा, लाकडी मेढी, चिखल. संध्याकाळी पाणी उतरलं. भगवानचं एक शेत गेलं, बाकी गावाचं भात वाचलं.

पाहुणे दुपारच्या गाडीनं निघून गेले होते. जाताना म्हणाले म्हणे, "पकड चांगली आहे. पण मैदान सोडणारा गडी आम्हाला चालत नाही."

ते परगावचे होते, त्यांना खाडी काय माहीत! गावाचं काय? गावानं त्या वर्षी पोटभर भात खाल्ला आणि पुढच्या हंगामात काळूला संघातून काढलं. शिस्त मोडली म्हणून. आज तो मिठागरावरच आहे. आईचे हात थकलेत. पाळ्या अजून त्याच्याच.

आणि ते तिघं? मैदानात बसायला धोंडा राहिला नाही, म्हणून आता संध्याकाळी वारा खायला बांधावर येतात. बरोबर माझ्या डोक्यावर बसतात. समोर त्यांचीच शेतं डुलत असतात.

"काळूचं वाईट झालं," भगवान म्हणतो. "हातात जादू व्हती."

"पन भरवसा नाय," कमळाकर म्हणतो. "मोक्याच्या टायमाला सोडून गेला."

"काळीज लागतं," तुळशीराम म्हणतो.

म्हणून मी बोललो. चिखलातून आवाज पोचत असेल तर एवढंच ऐका. मला वर काढू नका, मला मैदान नको. येत्या अमावास्येला तुमच्यातला एक जण तरी फावडं घेऊन इथं या. यायचं नसेल तर निदान माझ्या डोक्यावरून उठा आणि जे बोलायचं ते दुसरीकडे जाऊन बोला.

उधाणाला काळू येतो. अनवाणी पाय माझ्यावर ठेवतो आणि फळ्या दाबून उभा राहतो. खाडी तिच्या सगळ्या जोरानं चढाईला येते. त्याची बोटं आता पहिल्यासारखी वळत नाहीत.

पण या बाजूचा कोपरा मी धरलाय. तो माझ्यावर उभा असेपर्यंत मी हलणार नाही.