पोटासाठी उठायचं नाही

जगातल्या प्रत्येक जीवाला सन्मानानं जगण्याचा हक्क आहे, यावर बाईंची अढळ श्रद्धा होती. अपवाद फक्त नणंदेचा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी वस्तीबाहेर जागा घेतली आणि सुरीखालून सुटलेल्या जनावरांसाठी आसरा उघडला. पिसं झडलेल्या कोंबड्या, आटलेल्या गाई, एक तापट बोकड आणि महाराणी. महाराणी म्हणजे डुकरीण. सहा महिन्यांत कापायची म्हणून कुणीतरी फुगवलेली. इथं येऊन कैक वर्षं झाली तरी फुगतच होती. फाटकावर बाईंनी वळणदार अक्षरात नियम रंगवला होता : ‘इथे कुणालाही पोटासाठी उठावं लागणार नाही.’

आणि परवापासून महाराणी उठलीच नव्हती.

डॉक्टरांनी तिचे पाय चाचपले, छातीला नळी लावली. “मोडलेलं काही नाही. पण एवढं धूड पडून राहिलं तर श्वास कोंडेल. संध्याकाळी येतो. तोवर उभी राहिली नाही, तर तिचे हाल करण्यात अर्थ नाही, बाई. इंजेक्शन द्यावं लागेल.”

बाईंनी सेवा दुप्पट केली. पेंढा बदलला, आंबोण कालवून तोंडाशी धरलं, यजमानांना भोपळ्याच्या फोडी करायला बसवलं. महाराणी आडव्यानंच सगळं फस्त करी आणि डोळे मिटून घेई.

“खातेय बिचारी,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “जगायची इच्छा आहे तिला.”

“इच्छा आहे, घाई नाही,” यजमान पुटपुटले.

दुपारी नणंद आली. जनावरांनी भावाचा संसार खाल्ला, हे सांगायला ती अधूनमधून येई. आणि वहिनीच्या हातचं गोड मानावं लागू नये म्हणून स्वतःचा डबा घेऊन येई.

“हे गं काय, वहिनी? माझ्या भावाला असं कधी भरवलंस?”

“वन्सं, ती मरायला टेकलीय!”

“तिला काय धाड भरलीय? जेवतेय जावयासारखी!” असं म्हणून नणंद समोरच्या ओट्यावर बसली आणि तिनं डबा उघडला.

महाराणीचं नाक हललं. मग कान. तिनं वाट पाहिली. आजवर जेवण आपल्याकडे चालत आलं होतं, हे येईना. नणंद सावकाश चावत होती. महाराणीनं पुढचे पाय रोवले, ढुंगण उचललं आणि धपकन बसली.

यजमानांच्या हातून भोपळा निसटला. “तायडे, हलू नकोस! जेवत राहा! जरा मचमच कर!”

“मचमच? मी?” नणंद म्हणाली, पण भावाचा शब्द मोडवेना.

दुसऱ्या खेपेला महाराणी उठली. अख्खी, चारही पायांवर! पेंढा उधळत, डुलत ओट्याकडे निघाली. कोंबड्या पांगल्या, बोकडानं जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी वाट दिली. “उठली! माझी महाराणी उठली!” बाई हसत, रडत, टाळ्या पिटत मागून धावल्या. नणंदही उठली, तीही बरीच चपळ निघाली.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा महाराणी फाटकाशी उभी राहून त्यांची बॅग हुंगत होती. ती बॅग उघडलीच नाही. बाईंनी फाटकावरचा नियम स्वतःच्या हातानं रंगानं झाकला, सगळ्यांच्या खाण्याच्या टोपल्या ओट्यावर मांडल्या आणि सर्वांदेखत नणंदेला कडकडून मिठी मारली.

“वन्सं, असं होतं तरी काय हो त्या डब्यात?”

डब्यात कालचा उरलेला भात होता.