नमुन्याचे इंजिन

तपासणीसाठी उचललेली तीनही इंजिने धुराच्या परीक्षेत नापास झाली, आणि त्याच दुपारी मिस्त्रीच्या मनात संशयाने बिऱ्हाड थाटले. संशय हा असा भाडेकरू आहे की तो एकदा आत शिरला म्हणजे घरमालकालाच बाहेर झोपण्याची पाळी येते.

इंजिने चिनी होती. मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना तो भाऊजी म्हणे, ती परदेशातून मागवीत. त्यांच्याच शेडमध्ये मिस्त्री ती ट्रॅक्टरच्या सांगाड्यांवर चढवी, आणि बहीण कचेरी सांभाळी. चाळीस इंजिनांच्या खेपेतून एक इंजिन नमुना म्हणून सरकारी चाचणी केंद्रात जाई. तेथे त्याच्या धुराचे मोजमाप होई, आणि ते एक उत्तीर्ण झाले की संपूर्ण खेपेला प्रमाणपत्र मिळे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच.

धुराची मर्यादा होती पन्नास. चार महिन्यांपूर्वी नमुन्याचा आकडा आला होता बेचाळीस. आता तपासणी अधिकारी बाईंनी अचानक येऊन शेडमधली कोणतीही तीन इंजिने निवडली, तर एकाचा आकडा अडुसष्ट, दुसऱ्याचा एकाहत्तर आणि तिसऱ्याचा पुन्हा अडुसष्ट.

"एकाच आईची लेकरं ना ही?" बाईंनी भाऊजींना विचारले. "मग एकटा थोरलाच तेवढा शहाणा कसा निघाला?"

"मलाही तेच कळत नाही, मॅडम."

"कळून घ्या. चूक असेल तर पुन्हा चाचणी करू. पण चाचणीसाठी मुद्दाम वेगळं इंजिन पाठवलं होतं असं निघालं, तर गुन्हा दाखल होईल, आणि आयातीचा परवाना कायमचा जाईल."

भाऊजींनी मान हलविली. मान हलविताना त्यांनी मिस्त्रीकडे पाहिले, आणि ते पाहणे मिस्त्रीला मुळीच आवडले नाही. कारण प्रत्येक इंजिनाच्या कागदावर, तळाशी, 'जोडणी बरोबर' या शब्दांखाली सही होती ती त्याची. मोठा मासा जाळे फाडून जातो आणि जाळ्यात सापडते ती चिंगळी, हा जगाचा न्याय त्याला ठाऊक होता.

मग त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. नमुन्याचे इंजिन भाऊजींनी स्वतः निवडले होते. "हे पुढचं घे," एवढेच म्हणाले होते. पुढचेच का? त्या दिवसांत ते केबिनचे दार लावून फोनवर बोलत. दार लावण्यासारखे काय होते? कुठेतरी पाणी मुरत होते खास. निघताना बाईंची गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा मिस्त्री काचेपाशी वाकला.

"मॅडम, ते नमुन्याचं इंजिन परत आलंय. गोदामात आहे. एकदा उघडून बघा."

"का? वेगळं आहे का ते?"

"मी काही म्हणत नाही. बघा एवढंच म्हणतो."

बाईंनी गाडी मागे घेतली, आणि भाऊजींना गुरुवारची वेळ दिली. तोवर त्या इंजिनाला कोणीही हात लावू नये अशी ताकीदही दिली.

बुधवारी सगळे जेवायला गेले असता मिस्त्री गोदामात शिरला. हात लावणार नव्हता, केवळ डोळे लावणार होता. ताडपत्री दूर करून त्याने बॅटरीच्या उजेडात एकेक भाग पाहिला. पाटीवरचा क्रमांक त्याच खेपेचा होता. पाटीचे रिव्हेट जुने होते, त्यांच्या कडेला रंग अखंड होता, म्हणजे पाटी बदललेली नव्हती. डिझेलचा पंप तोच, पंपावरचा ठसा तोच. दुसऱ्या बनावटीचे काही असेल या आशेने (होय, आशाच म्हटली पाहिजे) तो पंपाच्या मागच्या बाजूस गेला.

तेथे डिझेलचे प्रमाण ठरविणारा स्क्रू असतो. तो आत फिरविला की डिझेल वाढते, बाहेर काढला की घटते. कारखान्यातून येताना त्याच्या नटावर पिवळा रंग फासलेला असतो, म्हणजे कोणी फिरविल्यास तो तडकतो. येथे पिवळा रंग तडकलेला होता.

'सापडले!' मिस्त्री मनाशी म्हणाला. भाऊजींनी स्क्रू फिरवून घेतला होता तर! त्याने तेथली धूळ बोटाने पुसली.

धुळीखाली निळी रेघ होती. नटावरून निघून पंपाच्या अंगावर उतरलेली, बारीक, सरळ, कोठेही न तुटलेली.

ती रेघ त्याची स्वतःची होती. ट्रॅक्टर गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याच्या दिवशी तो इंजिन सुरू करून कान लावी. काळा धूर दिसला, आवाज जड वाटला, तर तो स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेई, नट आवळी आणि वरून निळ्या रंगाची रेघ ओढी, म्हणजे पुढे कोणी तेथे हात घातला तर ती मोडलेली दिसावी. धूर तर प्रत्येकच इंजिन काढी. परंतु शाळेला निघालेल्या पोराचे नाक पुसताना आई कधी मोजते काय, की आजवर किती वेळा पुसले? नमुन्याचे इंजिनही शेडबाहेर जायला निघाले होते. हाताने आपले काम केले आणि डोक्याला कळविले नाही. शेडमध्ये उरलेली इंजिने अजून हवाली झालेली नव्हती. ती कारखान्याने पाठविली तशीच होती.

रंग पुसायच्या थिनरचा डबा फळीवर होता. चिंधीही होती. रेघ पुसली की राहतो तो केवळ तडकलेला पिवळा रंग, आणि त्याचे उत्तर द्यावे लागणार ते भाऊजींना. संशयाचे बी तर त्याने फाटकापाशी पेरूनच ठेवले होते.

"इथं काय करतोस?"

दारात भाऊजी उभे होते.

"बघत होतो."

"मॅडमनी हात लावू नका सांगितलंय." भाऊजींची नजर ताडपत्रीवरून फळीवर आणि फळीवरून त्याच्या हातांवर गेली. "लावलास का?"

"नाही."

"मग बोटाला धूळ कसली?"

मिस्त्रीने बोट पँटला पुसले. भाऊजींनी ताडपत्री ओढली, त्याला पुढे घातले आणि गोदामाला कुलूप लावले. ते कुलूप गोदामाला आजवर कधी लागले नव्हते.

गुरुवारी बाई आल्या, बरोबर धूर मोजण्याचे यंत्र आले. बहीण वही घेऊन उभी राहिली. बाई ताडपत्रीकडे वळल्या, तोच मिस्त्री पुढे झाला.

"मॅडम, उघडायची गरज नाही. स्क्रू मी फिरवलाय. ती निळी रेघ माझी."

बाईंनी ताडपत्री दूर करून रेघ पाहिली, मग त्याच्याकडे पाहिले.

"मालकांनी फिरवायला सांगितलं?"

"नाही."

"मग हे बोलायला त्यांनी सांगितलं?"

"नाही हो!"

"परवा फाटकापाशी तुम्हीच मला म्हणालात, इंजिन उघडून बघा. आणि आज म्हणता, मीच केलं. कोणत्या दिवसाचं खरं धरू?"

भाऊजींनी चष्मा काढला व पुन्हा घातला. बहिणीने वही मिटली.

"आजचं धरा," मिस्त्री म्हणाला. "कोणतंही इंजिन घ्या. पिवळा रंग न तडकलेलं. तुम्ही निवडा."

बाईंनी शेडमधले, भिंतीकडचे निवडले. गरम केले, मापले. आकडा एकोणसत्तर. मग मिस्त्रीने पाना घेतला, कान पंपाजवळ नेला, आणि डोळे मिटून स्क्रू बाहेर घेतला. अर्धा फेरा, किंचित कमी, पुन्हा किंचित अधिक. यंत्राने आकडा दाखविला त्रेचाळीस.

"जोरही थोडा उतरतो याने," तो हळूच म्हणाला. "गिऱ्हाइकाला सांगतो मी तसं."

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "तुम्ही कारखान्याची चूक दुरुस्त करत बसलात, आणि ती कुणाला दिसूच दिली नाहीत. नमुना जसा येतो तसाच पाठवायचा असतो. नियमाचा पहिला शब्द तोच आहे."

त्यांनी तेथेच लिहून दिले. प्रमाणपत्र रद्द. शेडमधील इंजिने विकण्यास मनाई. लबाडीचा हेतू आढळला नाही, म्हणून गुन्हा नाही, परवाना कायम. कारखान्याने पंप सुधारून द्यावेत, मग पुन्हा चाचणी. आणि शेवटी एक ओळ होती: तोवर मिस्त्रीने कोणत्याही पंपाला हात लावू नये. त्या ओळीखाली मिस्त्रीने सही केली. इतक्या वर्षांत 'जोडणी बरोबर' सोडून दुसऱ्या मजकुराखाली त्याने येथे प्रथमच सही केली.

बाई गेल्यावर भाऊजी केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावले. आतून त्यांचे मोडकेतोडके इंग्रजी ऐकू येऊ लागले. ते कारखान्याशी भांडत होते, आणि मध्येच "माय मिस्त्री, माय मिस्त्री" म्हणत होते; ती बायकोच्या धाकट्या भावाची तारीफ होती की तक्रार, हे दारातून कळत नव्हते. मिस्त्री कान देऊन उभा राहिला. ज्या कानाला पंपातला अर्धा फेरा कळे, त्याला ते कळेना.

"फाटकापाशी खरंच तसं बोललास?" बहीण मागे येऊन उभी होती.

"बोललो, ताई."

"मलाही आला होता संशय. ते दार लावून बोलतात ना, त्याचा."

"मग?"

"मग काय, विचारलं जेवताना. तोंडावर. म्हणाले, चिनी माणूस ओरडून बोलल्याशिवाय ऐकत नाही, आणि मी ओरडलो की तुम्ही सगळे कामं टाकून बघत बसता. म्हणून दार लावतो." तिने वही त्याच्या हातात दिली. "तुलाही विचारता आलं असतं. आता आत जा, आणि फाटकापाशी तसं का बोललास ते त्यांनी विचारायच्या आधी तू सांग."

"ते ओरडतील."

"ओरडू दे. दार उघडं ठेव म्हणजे झालं."

मिस्त्रीने दाराला हात लावला. आत भाऊजींचा आवाज चढला होता. त्याने फोन संपण्याची वाट पाहिली नाही.