भात्यातली दोन भोके

मी एक जुना अकॉर्डियन, मित्रांनो, आणि मला दोन गोळ्या लागलेल्या आहेत. वाद्याला गोळ्या लागतात हे ऐकून हसू येत असेल तर खुशाल हसा. त्या दिवसापर्यंत मलाही ते खरे वाटले नसते.

माझा जन्म एका बोळातल्या कारखान्यात झाला. एका चष्मेवाल्या म्हाताऱ्याने माझ्या पोलादी स्वरपट्ट्या कानाशी धरून एकेक करून घासल्या. त्याच्या बायकोने पुठ्ठा, कापड आणि चामडे चिकटवून माझा भाता केला. भाता ताणला, दाबला, की वारा आत-बाहेर होतो आणि मी गातो.

मला एका शाळामास्तरांनी विकत घेतले. पुढे मास्तर पुढारी झाले, लोक त्यांना साहेब म्हणू लागले, पण मला त्यांनी सोडले नाही. सभेत आधी मी आणि मग भाषण, हा त्यांचा शिरस्ता होता. घरी संध्याकाळी ते मुलासाठी एक साधी चाल वाजवत. त्यांच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, ती ऐकून ऐकून उचलली. खरे सांगायचे तर वहिनी साहेबांपेक्षा बऱ्या वाजवत. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती.

एका सभेत मी साहेबांच्या छातीवर होतो. मुलगा समोर आईच्या मांडीवर बसला होता. पुलापलीकडच्या वस्तीतला एक तरुण फुले घेऊन पुढे आला आणि फुलांखालून त्याने पिस्तूल काढले. दोन्ही गोळ्या माझ्या भात्यातून आरपार साहेबांच्या छातीत शिरल्या. ते माझ्यावरच कोसळले आणि त्यांचे गरम रक्त माझ्या घड्यांत झिरपले. मारेकऱ्याला जमावाने तिथेच असा ठेचला की त्याला चेहराच उरला नाही. मग जमाव पूल ओलांडून गेला आणि वस्ती पेटवून आला. ज्यांनी त्या तरुणाला कधी पाहिलेही नव्हते, अशी माणसे जळाली.

मला काचेच्या पेटीत ठेवले. दरवर्षी स्मृतिदिनी निघण्याआधी वहिनी पेटी उघडत, माझ्यावरच्या डागावर तळहात ठेवत आणि डोळे मिटून उभ्या राहत. मग मला मैदानात नेत. पेटी उंच धरून कुणीतरी गर्जे, "हे रक्त विसरणार का?" जमाव "नाही" म्हणे आणि पुलाकडे धावे. एका वर्षी त्यांनी तिथल्या बेकरीवाल्याला त्याच्याच भट्टीत कोंबले. त्याची किंकाळी मला मैदानात ऐकू आली. माझ्या नावाने हे चालले होते आणि मला तोंड उघडता येत नव्हते.

आता एक गुपित सांगतो. रक्ताचा डाग लाल राहत नाही. तो तपकिरी होतो, मग मातकट. मातकट डाग बघून कुणाचे डोके भडकणार? म्हणून पक्षाची माणसे दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला गुपचूप आणत आणि डागावर लाल रंग चढवत. वहिनींना याचा पत्ता नव्हता.

मुलगा मोठा होऊन बापाच्या जागी बसला. स्मृतिदिनी त्याच्या पहिल्या भाषणानंतर पुलापलीकडे काहीच शिल्लक ठेवायचे नाही, असे ठरले होते. पेट्रोलच्या बाटल्यांचा टेम्पो मैदानाबाहेर उभा होता. "डाग जरा उठून दिसू दे," मुलाने सांगितले. पेंटर उशिरा आला आणि घाईघाईत हात मारून गेला.

वहिनींनी डागावर ठेवलेला तळहात उचलला तो लालभडक. त्यांनी तो नाकाशी नेला. टर्पेंटाइनचा वास होता. इतकी वर्षे आपण नवऱ्याला हात लावतो आहोत, असे त्या समजत होत्या. त्या रडल्या नाहीत. "आज पेटी मी नेते," एवढेच म्हणाल्या.

मंचावर त्यांनी मला पेटीतून काढून गळ्यात अडकवले आणि माइकसमोर मुलाला तळहात दाखवला.

"हे कुणाचं रक्त आहे रे?"

"आई, घरी बोलू."

"तुझ्या बाबांना इथं मारलं. इथंच बोल."

वहिनींनी भाता ओढला. भोकांतून सगळा वारा गेला आणि मी नुसता घरघरलो. जमाव आधी हसला, मग चवताळला. "यांना खाली उतरवा," कुणीतरी ओरडले आणि दगड आला. वहिनींचे कपाळ फुटले. रक्त डोळ्यात उतरले तरी त्यांनी मला सोडले नाही.

"भोकांवर हात धर," त्या मुलाला म्हणाल्या.

त्याने आईच्या कपाळावरच्या खऱ्या रक्ताकडे पाहिले. मग जमावाकडे पाठ करून आईसमोर आला आणि पुढच्या दोन्ही भोकांवर त्याने तळहात दाबले. मागची भोके आईच्या छातीशी बंद झाली. त्याच्या पाठीत धपाधप दगड बसू लागले. मी वाजू लागलो. निम्मे सूर गंजून मुके झाले होते, तरी घरातली ती संध्याकाळची चाल उभी राहिली. आपण आपल्याच नेत्याला दगड मारतो आहोत, हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आले आणि हात थांबले. त्या दिवशी टेम्पो जागचा हलला नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. गेलेल्या माणसाची वस्तू जपायची तर ती वापरा, दुरुस्त करा, चुकतमाकत का होईना, वाजवा. त्याचे मरण जपत बसू नका. चाल संपल्यावरही मुलाने भोकांवरचे हात काढले नव्हते. तो आईला हळूच म्हणाला, "मला त्या दिवसाच्या फक्त गोळ्या ऐकू यायच्या गं. बाबा हे वाजवायचे, ते मी विसरूनच गेलो होतो."