कुऱ्हाड नसलेला मत्थिया

विषय : लाकडी पुतळा, उंची साडेचार फूट, मूळ जागी परत बसवण्याबाबत.
संदर्भ : एका सुताराचा अर्ज आणि त्यानंतरची दोन स्मरणपत्रे.

वरील विषयातला पुतळा मीच. चर्चच्या कार्यालयाला लागून सामानाची खोली आहे, तिथे मोडकी बाकं आणि बंद पंखे यांच्या संगतीत मी उभा आहे. दाराच्या वरची काच फुटलेली असल्याने कार्यालयातलं सगळं ऐकू येतं. सहवासाने माझी भाषाही तशीच झाली आहे, सांभाळून घ्या.

मी संत मत्थिया. म्हणजे खरा मत्थिया तो, मी नुसतं त्याचं लाकूड. त्याची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखीच आहे, कारण ती आहेच थोडी. प्रभूचे बारा प्रेषित होते. त्यातल्या एकाने गुरूला धरून दिलं आणि स्वतःचं बरंवाईट करून घेतलं. जागा रिकामी झाली. ती भरायची तर अनुभवाची अट होती : उमेदवार पहिल्या दिवसापासून बरोबर असलेला हवा. दोघे जण अटीत बसले. प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी मत्थियाची निघाली. नेमणूक झाली. त्यानंतर पवित्र पुस्तकात त्याच्याबद्दल एक ओळ नाही.

बाकीचं सगळं ऐकीव. तो दूरदेशी गेला, उपदेश करत फिरला. देहाच्या हावेला लगाम घाला, असं शिकवायचा म्हणतात. शेवटी त्याला दगडांनी मारलं असं काही म्हणतात, कुऱ्हाडीने असं काही म्हणतात. एकाच मरणाच्या दोन नोंदी. त्याचा सणसुद्धा शेकडो वर्षं फेब्रुवारीत होता, मग एकदा त्याची मे महिन्यात बदली झाली. त्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मला घडवलं एका म्हाताऱ्या मूर्तिकाराने. पेत्र, पौल असे नामांकित संत त्याच्या हातातून ढिगाने निघाले होते, पण मत्थियाची मागणी पहिल्यांदाच आली.

"हा कोण बुवा?" त्याने विचारलं. तेव्हाच्या फादरांनी वरची हकिकत सांगितली.

"म्हणजे बदली कामगार!" म्हातारा हसला. मग कामाला बसला. चार महिने खपून त्याने माझा चेहरा कोरला, आणि नेमणूक झाल्यावर 'आता करायचं काय' असं विचारणाऱ्या माणसाचा भाव त्यावर आणला. संत ओळखायचा तो हातातल्या वस्तूवरून, म्हणून उजव्या हाताची मूठ पोकळ ठेवली, त्यात कुऱ्हाडीचा दांडा आरपार बसे. पातं शेजारच्या लोहाराचं. त्याला शोभेचं पातं करता येईना, म्हणून त्याने खरं केलं. धारसुद्धा लावली.

मत्थियाला सुतारांचा कैवारी मानतात आणि दारू सोडू पाहणाऱ्यांचाही. आमच्या चर्चमध्ये एक रीत पडली होती. असा माणूस सकाळी कामावर जाण्याआधी यायचा, माझ्या मुठीखाली दांड्यावर तळवा टेकायचा आणि म्हणायचा, "आजच्यापुरतं." बस्स. जन्माची शपथ घेणारे दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाहीत, असा तिथला अनुभव होता.

नऊ वर्षांपूर्वी एका सुताराला त्याच्या थोरल्या बहिणीने मनगटाला धरून आणलं. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती.

"ठेव हात," ताई म्हणाली.

"अगं, लाकूड मी रोज तासतो. हे मला काय सांभाळणार?"

"रोज तासतोस ना? मग आज ते तुला तासू दे. ठेव."

त्याने ठेवला. दुसऱ्या दिवशी एकटा आला. सव्वा वर्षाने बायको परत आली. मुलगी शाळेत जाता जाता त्याच्याबरोबर येऊ लागली आणि बाहेरच्या पायरीवर बसून राहू लागली. आठ वर्षांत दांड्याचा तेवढा भाग आरशासारखा झाला.

मग गेल्या वर्षी कोणाची तरी नात प्रार्थना चालू असताना मला बघून रडली. समितीची सभा भरली. संताच्या हाती हत्यार शोभतं का, यावर दोन तास चर्चा झाली. एकाने 'मुलांच्या मनावर परिणाम' हा शब्दप्रयोग केला, त्यापुढे कोणाचं चाललं नाही. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारे किल्लीकाका स्टुलावर चढले, कुऱ्हाड उपसून बागेच्या खोलीत टेकवून आले. वर्षअखेरीस कारकुनाने सामान मोजलं. बागेच्या हत्यारांत लिहिलं : कुऱ्हाड, एक. माळी खूश. "काय दांडा आहे!" म्हणायचा. "हाताला फोड येत नाहीत."

सुतार माझ्या रिकाम्या मुठीवर हात ठेवू लागला. तेवढ्यावरही त्याचं भागलं.

यंदा चर्चचं रंगकाम काढलं. सगळे पुतळे उतरवले. परत चढवताना नवे फादर यादी घेऊन उभे राहिले. माणूस सज्जन, पण यादीबाहेर पाऊल टाकत नाही.

"मत्थिया, कुऱ्हाडीसह," त्यांनी वाचलं. "कुठे आहे?"

"हा काय," किल्लीकाका म्हणाले.

"याच्याकडे कुऱ्हाड कुठाय?"

"मूठ वळलेली आहे, फादर. स्वर्गाच्या किल्ल्या असतील," कारकून म्हणाला. "पेत्र असेल."

"पेत्र वर बसवला की आत्ता. दोन पेत्र कशाला?"

"अहो, कुऱ्हाड मीच काढली, मी याला तीस वर्षं पुसतोय!" किल्लीकाका म्हणाले.

"तुम्ही पुसता हो. लिहून कुठे ठेवलंय?"

ओळख अनिश्चित, असा शेरा पडला आणि मी इथे आलो. मी कोण हे मला ठाऊक होतं. पण तोंड कोरलेलं असलं म्हणजे उघडता येतंच असं नाही.

सुतार तिसऱ्या दिवशी कार्यालयात आला. बोलता बोलता त्याची नजर खिडकीबाहेर गेली. माळी फांद्या तोडत होता. सुतार तसाच धावला आणि कुऱ्हाड घेऊन परत आला.

"ही बघा, संतांची. इथे हात लावून बघा, किती घासलंय. हा माझा तळवा आहे, साहेब. आठ वर्षांचा."

"तळव्याची नोंद नसते," कारकून म्हणाला. तसा तो वाईट नाही, त्याने खुर्ची पुढे केली. "हे बघा, पुतळा कोणाचा ते ठरल्याशिवाय बागेची वस्तू त्याला देता येत नाही."

"आणि ती दिल्याशिवाय तो कोणाचा ते ठरत नाही?"

"बरोब्बर समजलात. बसा, पाणी घ्या. अर्ज करून ठेवा."

त्याने अर्ज केला. मग हळूच विचारलं, "तोवर मला आत जाऊन नुसता हात टेकू द्याल? दोनच मिनिटं, सकाळी."

"सामानाच्या खोलीत बाहेरच्यांना मनाई आहे. उद्या काही गेलं तर जबाबदारी कोणाची?"

काही दिवस तो दाराबाहेर उभा राहायचा, दारावर तळवा टेकायचा आणि तेच म्हणायचा, "आजच्यापुरतं." मला ऐकू यायचं. पण कार्यालय उघडतं दहाला, त्याचं काम सुरू होतं आठला. मालकाने दोनदा ऐकवलं. मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. दार म्हणजे दारच, त्याला चेहरा नसतो.

परवा ताई आली. "आमचा आला होता का हो इकडे?"

"नाही ताई," किल्लीकाका म्हणाले. "घरी नाही का?"

"घरी कोण आहे आता? बायकोने पेटी भरली. पोरगी जाताना मागे वळून बघतसुद्धा नव्हती." ती थोडा वेळ बाकावर बसली आणि गेली.

काल तो आला. दुपारी. पावलांवरून मी ओळखलं, पण पावलं सरळ पडत नव्हती. दाराशी थांबला. वास काचेतून आत आला. मी वाट पाहिली. दारावर हात पडला नाही.

माझी विनंती एवढीच आहे. मी परत जागेवर चढेन न चढेन, पण कोणी तरी त्या माणसाला गाठून सांगा. त्या नऊ वर्षांत मी काहीही केलेलं नाही. मला येतच नाही काही. रोज सकाळी जे झालं ते त्याने एकट्याने केलं, मी फक्त तिथे उभा होतो. हे मला लाकडाच्या तोंडाने सांगता येत नाही आणि त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे अभिप्रायासाठी पाठवला आहे. अभिप्राय आलेला नाही.